माळ, मांस आणि जठराग्नी

श्रीक्षेत्र त्र्यंबकेश्वरी पौष वद्य एकादशीला सद्गुरू निवृत्तिनाथ महाराजांची यात्रा भरते. चहूंकडून दिंड्या येतात, कुशावर्तावर स्नान होते, समाधीचे दर्शन होते, आणि त्याच गर्दीत कुणी ना कुणी हात जोडून म्हणतो, "बुवा, माळ घालायची आहे." तुळशीची माळ गळ्यात पडली की मांस आणि मद्य सुटले, एकादशी आणि पंढरीची वारी लागली, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. परंतु अलीकडे ह्या प्रसंगी दोन बोलणी वारंवार कानावर येतात, आणि त्या दोहोंचा विचार ह्या पाठात करावयाचा आहे.

एक म्हणतो, "आता वय झालं. मटण पचतच नाही. मग म्हटलं, माळच घालून टाकू." दुसरा म्हणतो, "माळ घालून दहा वर्षं झाली. आता डॉक्टर म्हणतात अंगात रक्त नाही, अंडी-मटण खा. माळेचं काय करू?" एकाचा जठराग्नी त्याला माळेकडे आणतो, दुसऱ्याचे अशक्तपण त्याला माळेपासून ओढते. दोघांचाही प्रश्न खरा आहे. पण त्यांना मिळणारी उत्तरे पुष्कळदा ना शास्त्राची असतात ना वैद्यकाची. ती नुसती ऐकीव असतात. म्हणून मीमांसकांच्या जुन्या रीतीने, विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धान्त आणि प्रयोजन अशा पायऱ्यांनी आपण हे प्रकरण पाहू.

विषय आणि संशय

मांसाचे पचन आणि पथ्यकर आहारात त्याचे स्थान, हा विषय. संशय असा की, मांस हे मनुष्याच्या जठराला न पचणारे अन्न आहे म्हणून ते टाकावयाचे, की ते पचते, पोषणही करते, आणि तरीही माळकऱ्याने ते टाकावयाचे? पहिले खरे असेल तर माळ ही एक पथ्याची दोरी झाली. दुसरे खरे असेल तर माळेचे कारण पोटात नव्हे, अन्यत्र शोधले पाहिजे.

पूर्वपक्ष

आपल्या कीर्तनांतून आणि पारांवरच्या गप्पांतून पूर्वपक्ष असा मांडला जातो: मनुष्याचे दात व आतडी गाईबैलासारखी आहेत; मांस पोटात तीन-तीन दिवस सडत पडते; ज्याने ते सोडले त्याला ते पुन्हा पचत नाही; आयुर्वेदाने ते वर्ज्य केले आहे आणि गीतेने त्याला तामस म्हटले आहे. ऐकायला हे सारे गोड लागते. श्रोते मान डोलावतात. पण त्याच श्रोत्यांत एखाद्याचा मुलगा नाशकात डॉक्टरी शिकत असतो. तो घरी जाऊन म्हणतो, "आबा, बुवांनी सांगितलं ते खरं नाही." आणि मग त्या मुलाला वाटते की कारण खोटे, तर माळही खोटी. हे नुकसान लहान नव्हे. म्हणून एकेक मुद्दा तपासून घेऊ.

*दात आणि आतडी.* गाईच्या पोटाला चार कप्पे असतात आणि त्यांतील सूक्ष्म जंतूंच्या मदतीने ती गवत पचवते. आपल्याला एकच जठर आहे; गवत खाऊन आपण जगू शकत नाही. उलट मांजराचे आतडे आखूड असते आणि ते मांसावाचून जगत नाही. मनुष्य ह्या दोहोंच्या मधला. तो शिजवून खाणारा प्राणी आहे; धान्यही पचवतो, मांसही पचवतो. देहाची घडण त्याला दोन्ही वाटा मोकळ्या ठेवते. निवड मनाने करावयाची.

*सडण्याची गोष्ट.* मांस जठरात गेले की तेथील आम्ल आणि पाचकरस त्याचे तुकडे करतात, पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाचा रस ते काम पुरे करतो, स्निग्धांशासाठी पित्त येते. तुरीच्या वरणातले प्रथिन पचवणारे रस तेच आहेत. मोठ्या आतड्यापर्यंत न पचता जे पोचते ते बहुतेक भाजीपाल्याचे आणि कोंड्याचे चोथट असते, आणि ते पोट साफ होण्यास उपकारकच आहे. मांसात चोथा नसतो, म्हणून भाजी-भाकर सोडून नुसते मटण-भात खाणाऱ्याला मलावरोध होतो. पण ते सडणे नव्हे. तसेच, वर्षानुवर्षे मांस न खाल्ल्याने पचवणारे रस नाहीसे होत नाहीत. सवय गेल्याने शिसारी येते, जिभेला आणि मनाला ते नको होते. जठराची शक्ती तेवढ्याने जात नाही.

ह्याविषयी उत्तर अमेरिकेतील एक हकीगत सांगण्याजोगी आहे. १८२२ साली तेथे आलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या मजुराला पोटात बंदुकीची गोळी लागली. जखम भरली, पण जठराला पडलेले भोक तसेच राहिले. विल्यम बोमाँट नावाच्या लष्करी वैद्याने त्या वाटेने निरनिराळे पदार्थ किती वेळात विरघळतात हे पुढे कित्येक वर्षे पाहिले आणि १८३३ साली ग्रंथ लिहिला. त्याच्या नोंदीत शिजलेल्या भाताला एक तास लागला, भाजलेल्या मेंढीच्या मांसाला सव्वातीन तास, भाजलेल्या डुकराच्या मांसाला सव्वापाच, आणि उकडलेल्या कोबीला साडेचार! एकाच माणसाच्या जठरातल्या ह्या नोंदी. त्यांवरून नियम बसवू नये. पण "मांस तेवढे जड आणि भाजी तेवढी हलकी" ही समजूत मोडायला त्या पुरेशा आहेत.

*आयुर्वेद.* चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सत्ताविसावा अध्याय अन्नपानाचा. त्यात धान्यवर्ग, शाकवर्ग यांच्याबरोबर मांसवर्ग सविस्तर दिला आहे. पंचविसाव्या अध्यायात ज्या त्या कामातील श्रेष्ठ पदार्थ सांगताना जीवन देणाऱ्यांत दुधाला आणि शरीर पुष्ट करणाऱ्यांत मांसाला अग्रस्थान दिले आहे. आणि मात्रेच्या पाचव्या अध्यायात तर गंमतच आहे. तेथे साळी, साठेसाळी आणि मूग यांच्या जोडीला लावा, ससा, हरिण अशा रानच्या प्राण्यांचे मांस स्वभावतः हलके म्हटले आहे. आणि जड कोण? पाणथळ जागच्या व पाण्यातल्या प्राण्यांचे मांस, आणि त्याच पंक्तीला पिठाचे पदार्थ, उसाचे पदार्थ, दुधाचे आटीव प्रकार, तीळ आणि उडीद! (त्या रानच्या प्राण्यांची शिकार आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, हा भाग निराळा.) म्हणजे चरकाचार्यांच्या तराजूत आपली पुरणपोळी, बासुंदी आणि उडदाचे वडे जड पारड्यातच पडतात. मांस न खाणाऱ्याच्या पोटात गुडगुड होत नाही, असे कोण म्हणेल? एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण काही मांसाहाऱ्यांवरून पडलेली नाही.

*गीता.* सतराव्या अध्यायातील आठ, नऊ, दहा ह्या तीन श्लोकांत आहाराचे तीन प्रकार सांगितले आहेत. तेथे भगवंतांनी पदार्थांची नावे घेतलेली नाहीत, गुण सांगितले आहेत. तामस आहारात शिळे, नासके, उष्टे आणि अमेध्य येते. ह्या 'अमेध्य' शब्दात काही टीकाकार मांस घालतात. त्याला आमचा विरोध नाही. परंतु नवव्या श्लोकात अति तिखट, अति आंबट, अति खारट आणि अति उष्ण ते राजस, असे आहे. तेव्हा दुसऱ्याच्या ताटातील तामस शोधण्यापूर्वी आपल्या ताटातील ठेचा आणि लोणचे पाहावे.

मग मांस बाधते ते का?

बाधते हे खरे आहे, पण कारणे निराळी आहेत. चरबी जास्त असली की जठर रिकामे व्हायला वेळ लागतो आणि पोट तासन्तास जड राहते. दात पडलेले असले की मांस नीट चावले जात नाही. वय झाले की जठरातील आम्लही काहींचे कमी होते. सहा महिन्यांतून एकदा जत्रेचा बोकड कापला जातो, मग रात्री उशिरा, झणझणीत रश्श्याबरोबर, चार माणसांचे एक माणूस खातो. वर दारू असेल तर विचारूच नये. चरकांनी जड पदार्थ पूर्ण तृप्तीच्या अर्ध्यावर किंवा तिसऱ्या हिश्श्यावर थांबवावे असे सांगितले आहे, ते येथे कोण पाळतो? ह्यांत मांसाचा दोष थोडा आणि मात्रेचा फार.

आता एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. ज्याला जन्मभर मटण पचत आले त्याला एकाएकी ते नकोसे वाटू लागले, भूक मेली, वजन उतरू लागले, घास गिळताना अडकू लागला किंवा शौच काळे होऊ लागले, तर त्याने ते वैराग्य समजू नये. तो जठराच्या मोठ्या रोगाचा इशारा असू शकतो. तेलकट-तुपकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येत असेल तर पित्ताशयात खडे असू शकतात. अशा माणसाने आधी डॉक्टरांकडे जावे, मग माळेचा विचार करावा. "देवानंच वासना काढून घेतली" असे म्हणून घरी बसणे म्हणजे देवावर आळ घेणे होय.

आणि पथ्यकर आहारात मांसाचे स्थान काय, हेही न लपवता सांगावे. त्यात उत्तम प्रतीची प्रथिने आहेत, अंगी लवकर लागणारे लोह आहे, आणि बी-१२ हे जीवनसत्त्व आहे. बेताने खाणाऱ्याला ते पोषक आहे. ज्यांना वातरक्त म्हणजे गाऊट आहे किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांना त्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे लागते. डब्यातले, खारवलेले, धुरावलेले प्रक्रिया केलेले मांस मात्र वाईट; जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली ते निश्चित कर्करोगकारक वर्गात घातले, आणि बोकड-गाईगुरांच्या तांबड्या मांसाला संभाव्य कारकांच्या वर्गात ठेवले. एवढे मांसाविषयी.

सिद्धान्त

पूर्वपक्ष असा गळून पडला की काही जण घाबरतात. म्हणतात, "बुवा, असं सांगितलं तर लोक माळ घालायचे थांबतील!" आमचे म्हणणे उलट आहे. अपचनावर उभी केलेली माळ पाचकाच्या एका पुडीने तुटते. ज्याने "पचत नाही" म्हणून मांस सोडले, त्याचे पोट बरे झाले की माळ खुंटीला टांगून तो जत्रेच्या पंक्तीला बसतो. असे खुंटीवरच्या माळेचे माळकरी गावोगाव आहेत. त्यांना दोष देण्याआधी त्यांच्या हातात आपण कोणते कारण दिले होते, हे पाहावे.

माळेचे कारण दया हे आहे. जीव मारावा लागतो, म्हणून मांस नको. दुसरे कारणच नाही. आणि दुसरा आधार आहे तो दिलेल्या शब्दाचा. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात ह्या विषयाची मोठी चर्चा करून शेवटी असा भाव सांगितला आहे की, खाणे ही तर प्राणिमात्राची प्रवृत्तीच आहे, पण तिच्यापासून मागे फिरण्याचे फळ फार मोठे. तेथे जो शब्द आहे तो 'निवृत्ति' हाच. जे पचत नाही ते टाकण्यात निवृत्ती कसली? पचते, रुचते, मिळते, आणि तरी मी घेत नाही, ही निवृत्ती. त्र्यंबकेश्वरी ज्यांच्या समाधीसमोर आपण माळ घालतो त्यांचे नावच हे आहे. ब्रह्मगिरीच्या गुहेत गहिनीनाथांकडून मिळालेले धन त्यांनी धाकट्या ज्ञानदेवांना दिले. आणि आपल्यासाठी त्यांच्या नावातच एवढा उपदेश ठेवला आहे.

दयेवर उभी असलेली माळ दुसऱ्याचा तिरस्कार करीत नाही. त्र्यंबक तालुक्यातल्या डोंगरपाड्यांवर महादेव कोळी, ठाकर, वारली राहतात. नागलीची भाकर, पावसाळ्यात ओढ्यातले मासे आणि खेकडे, सणाला कोंबडे, हे त्यांचे अन्न. डोंगर जे देतो ते ते खातात. त्यांच्यातलेही कितीतरी माळकरी आहेत आणि कितीतरी नाहीत. जे नाहीत त्यांना कीर्तनात राक्षस म्हणणारा बुवा सजन कसायाची कथा विसरला असे समजावे. देवाने भक्तांची कोणकोणती कामे केली हे सांगताना तुकोबारायांनी त्या कसायाचेही नाव घेतले आहे. देव त्याच्या दुकानी बसला. देवाला ज्याचा विटाळ झाला नाही त्याचा आपण का मानावा?

प्रयोजन

आता ह्या विचाराचा व्यवहारात उपयोग. मांस सोडणे हा अर्धा नेम आहे. त्याच्या जागी काय घ्यावयाचे हे पाहणे हा उरलेला अर्धा. तो न पाळल्यामुळेच "माळेनं अशक्तपणा आला" असे ऐकू येते.

साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला सुमारे पन्नास ग्रॅम प्रथिने लागतात. दिवसभरात तीनशे ग्रॅम ज्वारी-बाजरी-गहू-तांदूळ पोटात गेले तर पंचवीस ते तीस ग्रॅम मिळतात; पन्नास ग्रॅम डाळ किंवा कडधान्यातून अकरा-बारा; दीड पेला दुधातून किंवा दह्यातून दहा; मूठभर शेंगदाण्यांतून सात. हिशेब पुरा झाला. धान्यात जे उणे ते डाळीत असते, डाळीत उणे ते धान्यात. म्हणून भाकर आणि उसळ, वरण आणि भात ही जोडी मोडू नये. मात्र डाळ ताटात हवी. ज्या आमटीत आपले तोंड दिसते तिचा हिशेब धरू नये. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघाली की पंढरीला पोचेतो साडेतीन-चार आठवडे चालावे लागते. त्या वाटेवर नुसत्या चहा-बिस्किटावर आणि उपवासाला नुसत्या साबुदाण्यावर राहणारा वारकरी थकतो, त्यात नवल नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसते पिष्ट; त्याच्या जोडीला दाणे, दूध, ताक घ्यावे. आमच्या ह्या डोंगरी मुलखाची नागली फार गुणाची आहे. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. म्हाताऱ्या हाडांना तिची भाकर किंवा आंबील चांगली.

लोह पालेभाज्या, कडधान्ये, बाजरी यांत असते, पण वनस्पतींतले लोह अंगी कमी लागते. जेवताना लिंबू पिळावे, आवळा खावा, म्हणजे ते अधिक लागते. जेवणाबरोबर आणि लगेच नंतर चहा घेऊ नये. तो लोहाला अडवतो. रक्त फार कमी असेल तर केवळ पालकावर विसंबू नये. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात, त्या घ्याव्या, आणि रक्त का कमी झाले ह्याचा तपास करून घ्यावा.

सर्वांत महत्त्वाचे बी-१२. हे जीवनसत्त्व १९४८ साली वेगळे काढता आले. ते ना प्राणी तयार करतो ना वनस्पती. ते जंतूंकडून तयार होते आणि प्राण्यांच्या शरीरात साठते. डाळ, भाजी, धान्य यांत ते नसते. माळकऱ्याला ते दूध, दही, ताक, पनीर यांतून थोडे मिळते, आणि ज्याच्या घरी दूध चहापुरतेच येते त्याला तेवढेही मिळत नाही. कमतरता झाली की पाय जळजळतात, हातापायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, विसर पडतो. उशीर झाला तर मज्जातंतूंची हानी भरून येत नाही. मधुमेहावर मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ही कमतरता अधिक होते, मग तो मांस खाणारा का असेना.

ह्यावर उपाय सोपा आहे. बी-१२ ची औषधे जंतूंच्या आंबवणातून तयार करतात, मांसातून काढीत नाहीत. गोळी किंवा इंजेक्शन घेतल्याने माळ बाटत नाही. जिलेटिनच्या वेष्टणाची कॅप्सूल मात्र प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून होते. नको असेल तर दुकानदाराकडे साधी गोळी मागावी. डॉक्टर "अंडी-मटण खा" म्हणाले तर रागावू नये आणि माळही उतरवू नये. "साहेब, माझा नेम आहे; दुसरी वाट सांगा," असे म्हणावे. रक्त तपासून ते वाट सांगतात. एखाद्या कठीण आजारात औषधातच प्राणिज द्रव्य असले, तर उपचार नाकारू नये. जिभेसाठी खाणे वेगळे आणि प्राण वाचविण्यासाठी घेतलेले औषध वेगळे. शंका राहिली तर ज्यांनी माळ घातली त्यांना विचारावे.

शेवटी घरच्या वडीलधाऱ्यांसाठी एक सांगणे. माळ ज्याने घातली त्याची असते. घरात गरोदर सून आहे, तिला माळ नाही, अंगात रक्त नाही, आणि तिला अंडे खावेसे वाटते. तर सासूच्या माळेने तिचे ताट ठरवू नये. आपली चूल वेगळी ठेवावी, भांडी वेगळी ठेवावी, पण तिला चोरून खाण्याची पाळी आणू नये. लहान मुलाला हौसेने माळ घातली असेल तर त्याच्या वाट्याचे दूध आणि डाळ आधी काढून ठेवावी, मग आपल्या ताटात वाढून घ्यावे. जिवाच्या दयेसाठी माळ घालायची आणि घरातला जीव वाळवायचा, हे त्या माळेला शोभत नाही.

आणि आमच्या कीर्तनकार बंधूंना एवढेच, की श्रोत्यांना पोटाची भीती घालून माळ देऊ नये. त्यांना दयेची ओळख करून द्यावी. ती एकदा मनात उतरली की पुढे जठराग्नी मंद असो वा प्रखर, माळ गळ्यातच राहते.

रामकृष्णहरि.